प्रुफातलं प्रश्नचिन्ह

सदरमधल्या एका छापखान्यात मी जवळजवळ वीस वर्षं मॅनेजर होतो. साठच्या दशकाच्या मध्यावर तिथे रुजू झालो तेव्हा नुकती तिशी ओलांडली होती. त्याआधी शाळेत मराठी शिकवत होतो, शुद्धलेखनावर हात बसलेला होता, आणि मालकांना असाच माणूस हवा होता. रस्त्याकडेला लांबट कौलारू इमारत. पुढे ऑफिस, मधल्या खोलीत जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारी माणसं, आणि मागे मशीनघर. सगळी मिळून बाविसेक माणसं. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, पोथ्या, निवडणुकीची पत्रकं, कामठीच्या विणकरांसाठी कापडाची लेबलं, जे येईल ते आम्ही छापत होतो.

माझी स्वतःबद्दल एक समजूत होती, की मी चांगला साहेब आहे. मी कोणावर ओरडत नसे. कोणाची रजा उगाच अडवत नसे. एकदा कटिंग मशीनवर एकाचं बोट कापलं, तेव्हा माझ्याच धोतराच्या फाडलेल्या पट्टीने बांधून त्याला सायकलरिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. मालक माझ्या तोंडावर म्हणायचे, "तुम्ही आलात आणि या जागेला घरपण आलं." मीही ते मानून बसलो होतो. आठ-नऊ वर्षांत तसं न मानण्याचं काही कारणच मला दिसलं नव्हतं.

जुळाऱ्यांमध्ये सगळ्यात तरबेज माणूस इंदोऱ्याहून सायकलने येत असे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातला, वडिलांबरोबर स्वतः त्या सोहळ्याला गेलेला. मॅट्रिक झालेला. मी येण्याआधीपासून तो तिथे होता. कोणाचंही गिचमिड अक्षर त्याला लागत असे. वकिलाचं, डॉक्टरचं, कवीचं. हात चालत असताना डोळे मजकुरावर, आणि लेखकाने ऱ्हस्व-दीर्घ चुकवलं तर तो आपणहून दुरुस्त करून ठेवायचा. माझ्यासुद्धा चुका त्याने काढल्या होत्या. मी हसून म्हणायचो, "मास्तर मी की तू?" तो हसायचा नाही. खाली मान घालून पुढचा खिळा उचलायचा. मला वाटे, स्वभाव.

छापखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मालकांनी एक स्मरणिका काढायचं ठरवलं. त्यात माझा लेख हवा, असा त्यांचा आग्रह. मी तो दोन बैठकांत लिहून काढला. शीर्षक दिलं, 'आमचं कुटुंब'. अशा लेखात जे असतं ते सगळं त्यात होतं: जुने दिवस, पहिलं मशीन, मालकांची दूरदृष्टी. आणि मधेच एक परिच्छेद होता, जो मला स्वतःला फार आवडला होता. त्यात मी लिहिलं होतं, 'आमच्याकडे कोणी कोणाची जात विचारत नाही. मालकांपासून शिपायापर्यंत सगळे एकाच किटलीतला चहा एकसारख्या कपांतून पितात.'

लेख जुळवायला त्याच्याकडेच गेला. माझं सगळं त्याच्याकडेच जात असे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर मी ऑफिसात बसलो होतो. तो प्रूफ घेऊन आला. एरवी प्रूफ टेबलावर ठेवून तो निघून जात असे. त्या दिवशी उभा राहिला. मी कागदावरून नजर फिरवली. नेहमीसारखं स्वच्छ काम होतं. फक्त त्या चहाच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती आणि समासात प्रश्नचिन्ह.

मला वाटलं, 'एकसारख्या' मधलं काहीतरी माझं चुकलं असणार.

"काय रे, काय चुकलं?" मी विचारलं.

"शब्द बरोबर आहे साहेब," तो म्हणाला. "गोष्ट चूक आहे."

"म्हणजे?"

"एकसारख्या कपातून नाही पेत सगळे. माहा कप वेगळा आहे."

मला खरंच कळलं नाही. मी विचारलं, "तुझा स्वतःचा कप आहे, घरून आणलेला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मी हे मुद्दाम विचारतोय की काय, हे तो पारखत असावा. मग म्हणाला, "कटिंग मशीनच्या मागं खिळ्याले टांगून आहे. कान तुटला त्याचा. नऊ वर्षं होऊन राहिले."

तो कप मी पाहिला होता. एकदा नाही, रोज पाहिला होता. मागच्या खोलीत जायच्या वाटेवरच तो टांगलेला असे. मला वाटायचं, बाइंडर लोक त्यात खळ कालवतात. नऊ वर्षं मी एका माणसाच्या चहाच्या कपाला खळीचा कप समजत आलो होतो. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. समोरच्या माणसाच्या तोंडाकडे मला पाहवेना.

"मला कोणी सांगितलं का नाही?" मी म्हणालो. आवाज चढला होता, जणू दोष इतरांचाच. "तू तरी का नाही बोललास कधी?"

"तुमचाच हुकूम," तो म्हणाला. "तुमच्याचपाशी येऊन काय सांगाचं?"

"माझा हुकूम?"

"तुमचाच म्हणतात ना सगळे."

मी म्हणालो, असला हुकूम मी मेलो तरी देणार नाही. खरं म्हणजे मला तेव्हा रागच आला होता. त्या रागाच्या भरात मी विचारलं, "आणि नऊ वर्षं गप्प राहिलास, मग आज का?"

"आज ते छापून राहिलं ना. अन् जुळवलं मी. माह्या हातानं."

"निवडणुकीची पत्रकं जुळवतोस की. त्यात काय सगळं खरं असतं?"

"ते त्यायचं खोटं त्यायच्यावरचं," तो म्हणाला. "हे माह्यावरचं आहे साहेब."

यापुढे मी काय केलं ते मला लिहिताना जड जातं, पण लिहायलाच हवं. मी ना उठलो, ना मागच्या खोलीत गेलो, ना शिपायाला हाक मारली. मी पेन घेतलं आणि त्या वाक्यावर काट मारली. म्हणालो, "ठीक आहे. काढून टाक हे वाक्य."

तो "बरं" म्हणाला आणि कागद उचलून गेला.

अर्ध्या तासाने दुरुस्त प्रूफ आलं. वाक्य गेलं होतं. त्यामुळे पानाच्या तळाशी दोन ओळींची जागा रिकामी पडली होती, आणि ती भरायला त्याने तिथे एक फूल बसवलं होतं. लग्नपत्रिकेत वापरतो तसलं, पाकळ्यांचं. कामाच्या दृष्टीने अगदी योग्य. मी स्वतःच त्याला शिकवलं असतं तर हेच सांगितलं असतं. पण त्या फुलाकडे बघता बघता मला प्रश्न पडला. मी नक्की काय दुरुस्त केलं होतं? पान दुरुस्त केलं होतं. खिळ्याला टांगलेला कप तिथेच होता, आणि आता तर तो तिथे आहे हे मला माहीत होतं.

मी शिपायाला बोलावलं. हा म्हातारा गृहस्थ मालकांच्या वडिलांच्या वेळचा. दिवसातून दोनदा मागच्या पडवीत स्टोव्हवर चहा करायचा आणि सगळ्यांना नेऊन द्यायचा. मी त्याला दार लावायला सांगितलं, तेव्हाच तो घाबरला.

"तो कप वेगळा ठेवायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणता?"

"कान तुटलेला."

त्याच्या चेहऱ्यावर मला सुटका झाल्यासारखं दिसलं. त्याला वाटलं होतं, काहीतरी फुटलं किंवा हरवलं. "तो होय," तो म्हणाला. "तुमीच तं सांगतलं होतं साहेब."

"मी? कधी?"

"तुमी नवे होते. ते पोथीवाले महाराज येणार होते, इथं बसून प्रूफं पाहाले. तुमी मले या दरवाज्यात बोलावलं अन् म्हटलं, इंदोऱ्यावाल्याचा कप जरा वेगळा ठेवा. मी ठेवला. मी तं हुकमाचा माणूस."

नाकारायला मी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी मला ते आठवलं.

आठवलं म्हणजे सगळं दिसलं. रुजू होऊन महिनाही झाला नव्हता. एक मोठं गिऱ्हाईक, पोथ्या छापून घेणारे वयस्क गृहस्थ, फार सोवळ्याचे. त्यांचं काम आमच्या हातून गेलं असतं तर मालक नाराज झाले असते. त्या सकाळी मी शिपायाला दारात गाठून, हळू आवाजात, ते वाक्य बोललो होतो. त्या वाक्यातला 'जरा' तर स्वच्छ आठवला. ते गृहस्थ दुपारी आले, चहा प्यायले, प्रूफं पाहिली, गेले. त्यानंतर ते वाक्य माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं. ज्याच्याबद्दल बोललो होतो त्याच्या आयुष्यात ते नऊ वर्षं रोज दोनदा येत राहिलं.

"अहो, मी 'आज' म्हणालो असेन," मी शिपायाला म्हणालो. "आज वेगळा ठेवा, असं."

"आजबीज काही नाही म्हटलं तुमी."

मी 'आज' म्हणालो होतो की नाही, हे मला आजही माहीत नाही. ते वाक्य पुन्हा ऐकायचा मी किती वेळा प्रयत्न केला असेल. पुढे पुढे कळलं की तो शोधच भोंगळ होता. 'आज' म्हणालो असतो तरी काय मोठं? एका दिवसापुरतं तरी मी ते केलंच होतं, आणि कोणी मला भाग पाडलं नव्हतं. त्या गृहस्थांनी मागणीसुद्धा केली नव्हती. ती त्यांच्या मनात येईल म्हणून मीच आधी पुरी करून टाकली होती.

घरी गेलो. बायकोने विचारलं, बरं वाटत नाही का? मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त आश्चर्य वाटत होतं. इतकी वर्षं मी ज्या माणसाला 'मी' समजत होतो, तो त्या इमारतीत होताच कुठे? तिथल्या लोकांच्या डोक्यात वेगळाच एक साहेब होता. तो गोड बोलायचा, सण आला की पेढे वाटायचा, आणि त्याने एका माणसाचा कप वेगळा ठेवायला लावला होता. आणि त्यात कोणालाच विसंगत काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मनाशी एक ठरवून गेलो. आता आठवलं की अंग चोरावंसं वाटतं. चारचा चहा आला तेव्हा मी मधल्या खोलीत गेलो. मागच्या खिळ्यावरून तो कप काढला, शिपायाकडून त्यात चहा ओतून घेतला, आणि सगळ्यांसमोर उभा राहून प्यायला लागलो. काय होईल असं मला वाटत होतं? बहुधा सगळे ओशाळतील, त्याच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि एका कपभर चहात नऊ वर्षं धुऊन निघतील.

मशीन थांबलं होतं. मग त्यानेच हातातली ओळ खाली ठेवली, माझ्याजवळ आला, आणि हात पुढे केला.

"तो माहा कप आहे साहेब. द्या इकडे."

"अरे, पण मी..."

"नाटक नका करू," तो म्हणाला. आवाज वाढवला नाही, पण खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेलं. "तुमी एक दिवस त्यात चहा पेले, मोठे झाले. उद्या मले त्यातच प्याचं आहे."

मी कप दिला. त्यात अर्धा चहा होता. तो त्याने मोरीत ओतला, कप धुतला आणि जागेवर टांगला.

मी ऑफिसात येऊन खुर्चीवर बसलो. माणसांसमोर चांगलं दिसण्याची मला किती सवय होती, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. चूक सुधारतानाही मी माझाच फोटो काढून घेत होतो.

सुटीच्या वेळी मी त्याला फाटकाशी गाठलं. तो सायकलचं कुलूप काढत होता.

"मी काय करू, ते सांग," मी म्हणालो.

"मले काय विचारता? मॅनेजर तुमी."

त्याने सायकल स्टँडवरून काढली, मग थांबला.

"साहेब, ह्या सगळ्यायले वाटते का हे असंच असते. जुनी रीत आहे. नवीन माणूस आला, त्यालेबी तेच सांगतात. तुमी सांगा त्यायले, का हे रीतगीत काही नाही, हे तुमी सांगतलं होतं. अमक्या दिवशी, अमक्यासाठी. बस. माफी नको मले. सभा नको."

"एवढंच?"

"हे एवढंच नाही साहेब," तो म्हणाला आणि निघून गेला.

खरंच ते एवढंसं नव्हतं. कप फेकून देणं सोपं होतं, नवे कप आणणं सोपं होतं, समतेवर बोलणं तर मला झोपेतही जमलं असतं. पण 'हे मी सांगितलं होतं' हे चार शब्द बोलायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी, पानं बांधायच्या दगडी टेबलापाशी मी सगळ्यांना बोलावलं. पाठ करून गेलो होतो ते विसरलो. जसं आलं तसं सांगितलं. रुजू झालो तेव्हा मोठं गिऱ्हाईक येणार होतं. ते जाईल अशी मला भीती वाटली. मी शिपायाला दारात बोलावून यांचा कप वेगळा ठेवायला सांगितलं. मालकांनी सांगितलं नव्हतं, गिऱ्हाइकाने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. शिपायाचा यात काही दोष नाही. आजपासून छापखान्याचे कप सगळ्यांना सारखे. कोणाला ते चालत नसतील तर त्याने स्वतःचा घरून आणावा.

'यांचा' असं मी म्हणालो आणि बोलता बोलता अडखळलो. तोवर मी त्यांना 'तू' म्हणत आलो होतो. इतर सगळ्या जुळाऱ्यांना 'तुम्ही', अगदी म्हाताऱ्या शिपायालाही 'तुम्ही'. फक्त त्यांना, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या माणसाला, 'तू'. हाही हुकूम मला कोणी दिला नव्हता. तो कधी सुरू झाला तेही आठवत नाही. इथवर लिहितानाही मी 'तो' लिहीत आलो, कारण तेव्हाचा मी तसाच होतो. यापुढे 'ते' लिहितो.

मला वाटलं होतं, निदान आता तरी लोक ओशाळतील. आमचे मुख्य जुळारी, पन्नाशी उलटलेले, अतिशय सज्जन गृहस्थ, माझ्याकडे काळजीने बघत होते. ते म्हणाले, "पण साहेब, त्यात चूक काय झाली? बरोबरच तं सांगितलं होतं तुम्ही." त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. ते खरोखर मला धीर देत होते. मी हादरलो. फक्त म्हणालो, "नाही. चूक होती." आणि सगळे कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी तिघे जण घरून पेले घेऊन आले. मुख्य जुळारी त्यातलेच एक.

लेख मी पुन्हा लिहिला. त्यात जे घडलं ते लिहिलं, कोणाचं नाव न घेता, स्वतःला मात्र न वगळता. मालकांकडे घेऊन गेलो. ते खादी घालत, शब्दाला मऊ होते, आणि माझ्यावर त्यांचा जीव होता. पानं वाचून त्यांनी ती घडी करून मला परत दिली. "तुमच्या मनाला लागलं, चांगली गोष्ट आहे," ते म्हणाले. "पण हे छापायचं नसतं."

"का?"

"लोक म्हणतील, यांच्याकडे असं चालत होतं."

"चालतच होतं."

"म्हणूनच," मालक म्हणाले.

स्मरणिका निघाली. माझ्या लेखाच्या जागी एका साड्यांच्या दुकानाची जाहिरात होती. समारंभात मला शाल मिळाली. मालकांनी भाषणात 'आमचं कुटुंब' हे माझेच शब्द वापरले. टाळ्या पडल्या. मी त्या इंदोऱ्याच्या जुळाऱ्यांना शोधलं, पण ते समारंभाला आलेच नव्हते.

पण सगळ्यात मोठा धक्का त्यानंतर वर्षभराने बसला. मुख्य जुळारी निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या जागी कोण, हे मला ठरवायचं होतं. त्यासाठी मी जुनी नोंदवही काढली. सहा-सात वर्षांपूर्वी हीच जागा रिकामी झाली होती आणि ती भरायला मी बाहेरच्या छापखान्यातून माणूस आणला होता. घरचा माणूस का घेतला नाही, त्याचं कारण त्या वहीत माझ्याच अक्षरात होतं. इंदोऱ्याच्या त्या जुळाऱ्यांच्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'कामात सर्वांत चोख. परंतु इतर मंडळी यांच्या हाताखाली काम करतील असे वाटत नाही.'

किती सुबक अक्षर होतं. अनुस्वारसुद्धा जागच्या जागी.

कपाची गोष्ट मी विसरलो होतो, असं म्हणायला जागा होती. घाईत बोललेलं वाक्य होतं ते. हे मात्र शांतपणे, विचार करून, टाक बुडवून लिहिलेलं होतं. आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं. 'इतर मंडळी' काय करतील हे मीच ठरवून टाकलं होतं, पुन्हा एकदा, कोणी मागायच्या आधीच.

मी ती वही त्यांना दाखवली. दाखवू नये असं फार वाटलं, पण दाखवली. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. म्हणाले, "मले माहीत होतं. असंच काही असन." मग वही बंद करून माझ्यापुढे सरकवली. "आता काय लिहिता?"

मी त्यांची शिफारस लिहिली. मालक महिनाभर टाळत राहिले. शेवटी मी सांगितलं की माझ्या हाताखालची जागा मला भरता येत नसेल तर मॅनेजरही दुसरा पाहा. हे मी धैर्याने बोललो, असं म्हणवत नाही. घरी दोन मुलं होती, आणि मालक 'बरं, जा' म्हणाले असते तर मी काय केलं असतं ते देव जाणे. ते म्हणाले नाहीत. या जुळाऱ्यांची नेमणूक झाली. पहिल्याच आठवड्यात दोन जुळारी काम सोडून गेले. बाकीचे राहिले. म्हणजे 'इतर मंडळी'बद्दलचं माझं भाकीत दोन माणसांपुरतं खरं ठरलं होतं, आणि त्यासाठी त्यांची सहा वर्षं गेली होती.

मुख्य जुळारी म्हणून ते कडक होते. उशिरा येणाऱ्याला घड्याळ दाखवायचे. खिळे चुकीच्या खणात टाकणाऱ्याला सगळी पेटी पुन्हा लावायला लावायचे, मग तो कोणीही असो. चुकलं तर मलाही सोडत नसत. मला मात्र कुठेतरी वाटत होतं की आता आमची मैत्री होईल. तशी ती झाली नाही. आम्ही रोज बोलायचो, कामाचं बोलायचो, कधीकधी एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीवर अर्धा तास वाद घालायचो. पण सुटी झाली की ते सायकल काढायचे आणि मी बससाठी चालायला लागायचो.

मी बदललो का? थोडा. शिपायाला दारात बोलावून हळू आवाजात काही सांगायचं मी सोडलं. जे सांगायचं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला लागलो, आणि तसं सांगायची लाज वाटली तर ते सांगायचंच नाही, असं ठरवलं. दर सहा महिन्यांनी मी मागच्या खोलीत जाऊन विचारत असे, माझ्या नावाने इथे काय काय चालतं? पहिल्यांदा कोणी बोललं नाही. दुसऱ्यांदा एकाने सांगितलं की 'साहेबांना आवडत नाही' म्हणून खिडक्या उन्हाळ्यातही बंद ठेवतात. मी असं कधीच म्हणालो नव्हतो. की म्हणालो होतो? एव्हाना माझ्या आठवणीवर माझा भरवसा उरला नव्हता. खिडक्या उघडल्या.

ऐंशीनंतर आमच्याकडे नवी मशीनं यायची बोलणी सुरू झाली. खिळ्यांचं काम कमी होणार हे दिसत होतं. त्यांनी नोकरी सोडली आणि इंदोऱ्यात, घराच्या पुढच्या खोलीत, पायाने चालवायचं छोटं मशीन घेऊन स्वतःचा छापखाना टाकला. उद्घाटनाची पत्रिका मला आली नाही. सात-आठ महिन्यांनी मी आपणहून गेलो. दुपारची वेळ होती. त्यांच्या बायकोने पाणी दिलं, पोहे दिले. त्यांची मोठी मुलगी खिळ्यांच्या पेटीपुढे उभी राहून जुळवत होती, बापासारखीच, हाताकडे न बघता.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मला राहवलं नाही. म्हणालो, "इतकी वर्षं एक विचारायचं राहून गेलंय. नऊ वर्षं तुम्ही गप्प का राहिलात? तुम्ही भिणारे नाही. मला सगळ्यांसमोर नाटक करू नका म्हणालात."

त्यांनी मुलीला एक ओळ पुन्हा जुळवायला सांगितली, हात पुसले.

"तुमच्या आधीचा जो मॅनेजर होता," ते म्हणाले, "तो लई वाईट माणूस. शिव्या द्याचा. त्यानं एकदा असं करून पाह्यलं होतं. मी त्याच दिवशी भांडलो त्याच्याशी. ऐकावं लागलं त्याले. सगळ्यायच्या बरोबरीचा कप होता माहा, तुमी येईपर्यंत."

हातातला फडका त्यांनी खांद्यावर टाकला.

"मंग तुमी आले. सगळे म्हणाले, हा देवमाणूस आहे. मलेबी वाटलं. चांगले बोलत, कोणाले दुखवत नव्हते. अन् तुमी ते सांगतलं. मले वाटलं, असा माणूसही हेच म्हणते, तं मंग आता कोणापाशी भांडाचं?"

आत चहाचं पाणी ठेवल्याचा आवाज आला. मुलगी मान वर न करता जुळवत होती. तिने हे आधी ऐकलं होतं की नाही, मला कळलं नाही.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. तेवढ्यात एक गिऱ्हाईक दारात आलं, बारशाची पत्रिका घेऊन, आणि ते उठून त्याच्याशी बोलायला गेले. कागद कोणता, शाई कोणती, किती प्रती. मी थोडा वेळ बसलो. मग चपला घातल्या, त्यांच्या बायकोला येतो म्हणून सांगितलं, आणि कामठी रोडवर येऊन बसची वाट पाहत उभा राहिलो. दोन बस आल्या आणि गेल्या. तिसरीत मी चढलो.